विहिरीचा नंबर

आप्पा जर्मनीला निघाले त्या सकाळी न्हावऱ्याच्या चौकात माणसं जमली होती, ती निरोपाला कमी आणि चौकशीला जास्त. वडलांना न्यायला मी स्वतः आले होते. भाड्याच्या गाडीत बॅगा चढल्या, चटणीचे डबे चढले. आमचं रान वाट्यानं करणाऱ्या दत्तूमामांनी घराची किल्ली कमरेला खोचली. तरी आप्पा आपले गाडीबाहेरच. जो तो एकच विचारत होता, "आप्पा, नंबर ह्योच ऱ्हाणार ना?" आणि आप्पा इलेक्शनला उभे राहिल्यासारखे हात जोडून सांगत होते, "ह्योच. कवा बी लावा." मी आत बसून कपाळाला हात लावला. परदेशात रोमिंगवर आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे पडतात, हे त्या चौकात कोणाला सांगणार? "मग कशाला गेला म्हणायचं एवढ्या लांब?" असं वर ऐकून घ्यावं लागलं असतं.

गाडी हलली. आप्पा खिडकीतून बघत राहिले ते पार शिरूरचा रस्ता लागेपर्यंत. मी त्यांना सांगितलं होतं, उन्हाळाभर चला, नातवंडांत रमा. मनात वेगळंच होतं. आईचं वर्षश्राद्ध उरकलं होतं, घरात एकटा माणूस, सकाळी स्वतःपुरता चहा टाकायचा आणि रात्री शिळं खाऊन झोपायचं. मला त्यांना कायमचं न्यायचं होतं. कागदपत्रांची चौकशीही मी गुपचूप करून ठेवली होती. एकदा रमले की विचारू, असा माझा हिशोब.

गावाकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं बाहेर गेलेल्यांचं सगळं गुळगुळीत असतं. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्ही तर ओळखालच. मी सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटीला होते. कंपनीनं सहा महिन्यांसाठी म्हणून इकडं पाठवलं आणि मी इकडचीच झाले. पहिल्यांदा उतरले तेव्हा फोनमधलं डेटा रोमिंग बंद करायचं असतं हे माहीत नव्हतं. विमानतळाबाहेर येईपर्यंत फोननं आपले फोटो, अपडेट, शेजारपाजारच्यांच्या सुप्रभाताची फुलं सगळं ओढून घेतलं आणि बॅलन्स साफ. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! तेव्हापासून मी या बाबतीत फार कडक आहे. नवऱ्याचा भाऊ फिरायला आला तरी आधी त्याचा फोन हातात घेते आणि मग चहा विचारते. वाय-फाय असेल तिथंच व्हिडीओ, नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा, इथलं सिम नेटला आणि भारतातलं सिम फक्त ओटीपीपुरतं जिवंत. हे माझे नियम. घरातली पोरं याला आईचा लष्करी कायदा म्हणतात.

आप्पांच्या फोनलाही हा कायदा लागू झाला. एका खाचेत इथलं सिम, दुसऱ्या खाचेत त्यांचं जुनं. गावी बोलायचं ते नेटवरून, घरच्या वाय-फायवर, कितीही बोला. आणि बोलले की हो! दूध घालायला डेअरीवर जमलेली मंडळी रोज त्यांची वाट बघायची. आप्पा फोन हातात धरून घरभर फिरायचे. "ह्यो बघा नळ, गरम पाण्याचा येगळा. आन् ही भांडी धुयाची मशीन. व्हय, खरकटी तशीच घालायची." एकदा बाजारात चालता चालता कोबीचा भाव दाखवत बसले आणि इथल्या सिमचं महिन्याचं नेट आठवड्यात संपवलं. मी चिडले, पण आतून सुखावले होते. म्हटलं, रमतायत. नातवाला मराठी शिव्या शिकवल्या, तेवढंही मी पोटात घातलं.

मग त्यांच्या जुन्या नंबराचं रोमिंग पॅक संपल्याचा मेसेज आला. त्यांचं रिचार्ज मीच करते, त्यामुळे मेसेजही मलाच. प्रवासात अडचण नको म्हणून घातलेलं ते पॅक पडून असायला हवं होतं. मी म्हटलं, चुकून लागला असेल कोणाचा फोन. पुन्हा पॅक टाकलं. तेही बघता बघता आटोपलं. तेव्हा मी त्यांचा फोन घेऊन बसले. डेअरीवाले नव्हते, भावकी नव्हती. रोज सकाळी उठल्या उठल्या एकाच नंबरावर आप्पांनीच लावलेला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फोन. नाव लिहिलं होतं, 'विहीर'.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत सिमकार्ड बसवतात. मोबाईल स्टार्टर म्हणतात त्याला. आपण फोन लावला की आतली बाई बोलते, लाईट आहे की नाही सांगते, आणि एक दाबलं की मोटर चालू, लावलेल्या वेळानं आपोआप बंद. रात्रीअपरात्री रानात जायला नको. फक्त त्यात ज्याचा नंबर घातलेला असेल त्याचंच ती ऐकते. परक्याला दाद देत नाही. म्हणजे माझे वडील जर्मनीत बसून, आंतरराष्ट्रीय दरानं, न्हावऱ्याची मोटर चालू करत होते!

"आप्पा, हे काय?" मी विचारलं.

"शेतीचं काम हाय ते."

"मग नेटवरून लावा ना. मी शिकवलंय की."

त्यांनी माझ्याकडे अशी कीव करत बघितलं. "अगं वैशू, विहिरीला कुठं नेट आसतंय?"

हसू आलं, पण मी ते दाबलं. कांदा कधीच निघाला होता, हे मला ठाऊक होतं. रान मोकळं पडलं होतं, पावसाआधी तिथं काही लावायचंही नव्हतं. मग पाणी कशाला?  ते नुसते मान खाली घालून चष्मा पुसत बसले. मला रागच आला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, सवय आहे, हात शिवशिवतात, उगाच मोकळ्या रानात पाणी सोडतायत. ती सवय मोडली तरच माणूस इथला होईल. मी पॅक टाकायचं थांबवलं आणि जुनं सिम सेटिंगमधून बंद करून टाकलं.

आप्पा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. डेअरीवाल्यांचे फोन आले तर दोन शब्द बोलून ठेवून द्यायला लागले. जेवताना भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तसाच ताटात ठेवायचे. एका दुपारी मला म्हणाले, "तिकीट कवाचं हाय?" मी म्हटलं, अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आलीकडचं मिळतंय का बघ." सिमवरून रुसलेत, निवळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कारण कागद भरायची मुदत जवळ आली होती आणि मला त्यांची सही हवी होती.

त्याच आठवड्यात दत्तूमामांचा फोन आला, नेटवरून, माझ्याच फोनवर.

"वैशूताई, आप्पा आजारी हायत का गं?"

"नाही मामा. का?"

"न्हाई, रोज दहाच्या पुढं लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हायची. आता आठवडा झाला, बंदच. म्या म्हणलं, माणसाचं काय बरंवाईट..."

"मामा, रानात तर काहीच नाही. पाणी कशाला सोडत होते आप्पा?"

मला हे माहीत नाही याचंच त्यांना नवल वाटलं असावं. "वैनीच्या झाडाला की."

आईची रक्षा आम्ही नदीत सोडली नव्हती. आमच्याकडं हल्ली बरेच जण रानातच खड्डा घेतात, रक्षा त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. आईला जांभळं फार आवडायची, म्हणून जांभळीचं रोप. बांधाला, जिथं विहिरीची पाइपलाइन पहिलं तोंड काढते तिथं. माझ्याच हातानं मी त्याला माती लोटली होती. उन्हाळ्यात मामा हंडाभर पाणी घालतील असं निघताना ठरलंही होतं.

"मी घालतोय की रोज," मामा म्हणाले. "झाड झ्याक हाय, काळजी करू नगंस. पर आप्पा जाताना म्हणलं, दत्तू, तू तुजं घाल. तिला पाणी मी देणार."

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं तरी डोळे थांबेनात.

सकाळी आप्पा माझ्याआधीच उठून बाल्कनीत बसले होते. मी पॅक टाकलं, सिम चालू केलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. "लावा."

त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दत्तू बोलला व्हय? त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

"तुम्ही का नाही बोललात? मी काय परकी आहे?"

"तुजं पैसं जात्यात हे मला कळत न्हाई व्हय? पर तुला सांगितलं आस्तं तर तू कामावर जाऊन रडत बसली आस्तीस. तुज्या आईची सवय हाय ती."

त्यांनी नंबर लावला, फोनचा आवाज मोठा केला. ती बाई बोलली, लाईट होती. आप्पांनी एक दाबलं. मग फोन मांडीवर ठेवून ते गप बसले. पाणी तिथवर पोचेपर्यंत ते उठत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्याशेजारी खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. चाळिशी गाठलेली बाई मी, ऑफिसात दहा माणसं माझ्या हाताखाली.

"आप्पा, इथंच राहा ना," मी म्हटलं. कागदांचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "तू बोलीवलंस, मी आलो. पुन्यांदा बोलीव, पुन्यांदा यीन. पर ऱ्हा म्हणू नगंस, वैशू. जलमभर तिनं माझी वाट बघितली. बाजारातनं उशिरा येऊ दे, न्हाईतर तमाशाला जाऊ दे, जेवायची थांबायची. आता तिला एकलीला तिथं ठिवून मी हितं गरम पाण्याच्या नळाखाली कसा बसू?"

मी ते कागद भरलेच नाहीत. तिकीट अलीकडचं काढलं. विमानतळावर त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो इतक्या दिवसांत मी इथं पाहिला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्या घरातून बाप एवढ्या आनंदानं निघावा, हे पोटच्या पोरीला लागतंच.

घरी पोचल्यावर त्यांनी एक काम केलं, मला न विचारता. पुण्यातला माझा जुना नंबर, जो मी ओटीपीपुरता जिवंत ठेवलाय, तो त्यांनी मेकॅनिकला बोलावून स्टार्टरमध्ये घातला. मग मला फोन करून फर्मान काढलं, "आयतवारी पाणी तू द्यायचंस. मी हात लावणार न्हाई."

तर आता दर महिन्याला माझ्या नंबरावर रोमिंगचं पॅक पडतं. पोरं टोमणे मारतात, आई, तुझा कायदा कुठं गेला? नवरा म्हणतो, दत्तूमामांना सांगितलं तर फुकटात होईल. होईल की. इकडचे लोक विचारतात, तुझं घर कुठलं, तर मी या गावाचं नाव सांगते आणि ते खरंच आहे. माझी पोरं इथं आहेत, माझी भांडी, माझा पत्ता. पण ज्या एका ठिकाणी माझा नंबर ओळखतात आणि परक्याला दाद देत नाहीत, ते न्हावऱ्याच्या रानात आहे.

रविवारी सकाळी मी बाल्कनीत बसते. नंबर लावते, लाईट आहे का ऐकते, एक दाबते. मग फोन मांडीवर ठेवून गप बसते. थोड्या वेळानं आप्पांचा फोन येतो, नेटवरून, फुकटातला. इकडतिकडचं काही विचारत नाहीत. झाडापाशीच उभे असतात.

"आलं गं पाणी," एवढंच म्हणतात.