कवटीवाली करवली

माझा धाकटा भाऊ अल्पेश न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. आमचं गाव खारेपाटात, बाप मिठागरात राबला, आणि घरातलं एकही माणूस कधी हळू आवाजात बोललं नाही. अपवाद अल्पेशचा. तो रागावला की आणखी हळू बोलतो, मग समोरच्याला ओरडायची सोयच राहत नाही. मी त्याची थोरली बहीण नलू. मला त्याच्या या सवयीचा फार राग येतो.

त्याची मुलगी अमिषा नऊ वर्षांची. गेल्या मे महिन्यात ती आईबरोबर पनवेलला आजोळी गेली आणि मामेभाऊ सनीचं वेड घेऊन परत आली. सनी कॉलेजात आहे, केस खांद्यापर्यंत, मेटल बँडमध्ये ड्रम वाजवतो. मेटल म्हणजे काय ते मला विचाराल, तर पत्र्यावर नारळ पडत राहावेत आणि खाली कुणीतरी रेकत असावं, तसं काहीतरी. पण पोरगी त्यात अशी बुडाली की बाहुल्या गेल्या, गुलाबी फ्रॉक गेले. अंगात सनीने दिलेला जुना काळा टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत लोंबणारा, छातीवर ही मोठी कवटी. डोळ्यांभोवती आजीच्या डबीतलं काजळ. आणि आरशासमोर उभी राहून घशातून असा आवाज काढायची की आमची आई, सोनूबाई, मीठमोहऱ्या घेऊन धावली. दृष्ट काढूनही आवाज थांबेना, तेव्हा आईने जाहीर केलं की पोरीच्या अंगावर अवदसा आली आहे.

मी अल्पेशला सांगितलं, टी-शर्ट काढून घे, चार दिवस रडेल आणि विसरेल. त्याने काय करावं? पोरीची सगळी गाणी मोबाइलमध्ये घेतली आणि बंदराच्या रांगेत उभं असताना केबिनमध्ये लावून ऐकायला लागला. आवडतात का रे, असं मी विचारलं. म्हणाला, "न्हाय गो. पन तिला काय आवडते ते मना समजाया नको?"

एवढ्यावर भागलं नाही. सनीच्या बँडचा कार्यक्रम मुंबईत होता. दुपारचा होता म्हणून हा तिला मांडव्याच्या बोटीने घेऊन गेला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कारण कार्यक्रमाला जायचं तर माणसाने नीट जावं. सगळा हॉल काळा, त्यात हा एकटा पांढरा, काळ्या उडदात तांदूळ दिसावा तसा. पोरीच्या कानात कापसाचे बोळे घालून, तिला खांद्यावर बसवून शेवटपर्यंत उभा राहिला. परत आल्यावर मी म्हटलं, कसली ती रानटी पोरं. तर म्हणे, रानटी कसली, एकाचा पाय माझ्या पायावर पडला तर बिचारा जाईपर्यंत सॉरी म्हणत होता, तुझ्या जावेची पोरं तरी म्हणतात का? जावेचं नाव निघाल्यावर मी काय बोलणार?

मग माझ्या मुलीचं, प्राप्तीचं लग्न ठरलं. प्राप्तीला सख्खी बहीण नाही, तेव्हा नवरीच्या मागे दिवा घेऊन उभी राहणारी करवली अमिषाच. आईने बजावलं की काळ्या कपड्यातली करवली तिला मांडवात दिसता कामा नये. अल्पेशने पोरीला समोर बसवून मोठ्या माणसाशी करावा तसा करार केला. हळदीला आणि लग्नाला पिवळा परकर-पोलकं घालायचं, आणि बाकी वेळ तिच्या टी-शर्टला घरातलं कुणी हात लावणार नाही, हा बापाचा शब्द. पोरीने मान डोलावली.

आणि लग्नाच्या आधीच्या आठवड्यात टी-शर्ट नाहीसा झाला. घर पालथं घातलं, माळा शोधला. आई म्हणाली, उंदरांनी नेला असेल. अमिषा रडली नाही. तिने फक्त बापाशी बोलणं बंद केलं. तो घरी आला की ती उठून मागच्या पडवीत जायची. शब्द त्याने दिला होता, म्हणजे मोडला तोही त्यानेच, असा तिचा सरळ हिशोब. माझा भाऊ त्या दिवसांत जेवताना ताटाकडेसुद्धा बघत नसे. मला त्याची दया येत होती आणि पोरीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

हळदीच्या दुपारी धवलारीण लग्नाची गाणी धरून बसली, बायका पिवळ्याधमक. अमिषाने कबूल केल्याप्रमाणे परकर घातला होता, पण मांडवाच्या खांबाला धरून उभी, पुढे यायला तयार नाही. अल्पेश बंदरातून थेट आला, ट्रेलर रस्त्याच्या कडेला लावला. मामाच्या मानाची साडी गाडीतच राहिली म्हणून परत गेला, आणि आला तो हातात काळं फडकं घेऊन.

गाडीला नजर लागू नये म्हणून पुढच्या बंपरला लिंबू-मिरची आणि काळं फडकं बांधतात. आमच्याकडे हे काम आईचं, दर अमावास्येला. या खेपेच्या फडक्याची घडी गाठ सुटून उलगडली होती, आणि त्यावर अर्धी कवटी होती. धुळीने माखलेली, पण दात स्पष्ट.

आईचा चेहरा पडला. अल्पेशने सगळ्यांदेखत तिच्याकडे बोट दाखवलं असतं तर पोरगी त्याच क्षणी त्याच्या गळ्यात पडली असती. तो अमिषासमोर खाली बसला. "मी शब्द दिलता. राखता आला न्हाय. चूक माजी हाय," म्हणाला.

तेव्हा आईच पुढे झाली. "मी फारला त्यो," ती म्हणाली. "घरान दुसरा कालाकुट्ट फडका नव्हता. आनि ती कवटी बघून वाटला, हिचे म्होरं माजे पोराला कोनाची नजर लागनार न्हाय."

अल्पेश आणखी हळू आवाजात म्हणाला, "आये, कवटी माजी राखन करते, तं मंग पोरीचे आंगावर ती अवदसा कशी?"

आईने कनवटीची काजळाची डबी काढली, नातीला जवळ ओढलं आणि तिच्या डोळ्यांभोवती पोरगी स्वतः फासायची त्याच्या दुप्पट काजळ फासलं. मग वाकून माझ्या प्राप्तीच्या गालाला तीट लावली.

अमिषाने बापाच्या हातातलं फडकं घेतलं. आता ही ते छातीशी धरून बसणार, असं मला वाटलं. ती मांडवाबाहेर गेली. अल्पेश मागोमाग गेला, म्हणून मीही गेले. परकर धुळीत लोळत होता, आणि ती बंपरशी उकिडवी बसून फडक्याला गाठ मारत होती, कवटीचं तोंड रस्त्याकडे करून.

"राव दे हितंच, पप्पा," ती म्हणाली. "तुमी लांब लांब जाता."

माझा भाऊ तोंड फिरवून ट्रेलरची चाकं बघायला लागला. चाकं चांगली होती.