हयात ग्राहक

दर महिन्याला बँकेचा एक पोरगा क्रेडिट कार्डाची नवी ऑफर घेऊन डोंबिवलीतल्या आमच्या घरी यायचा. मे महिन्यातही गळ्यात टाय. चहा बशीत ओतताना टाय खांद्यावर टाकायचा.

"काका, ही फक्त हयात ग्राहकांसाठी हां!"

'एक्झिस्टिंग कस्टमर'चं हे मराठी त्याने स्वतःच केलेलं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मी दरवर्षी देतोच, म्हणून हरकत घेतली नाही. आमची ही मात्र आत जाऊन हसायची.

एका वर्षी गणपतीनंतर तो आला आणि चहा बशीत ओतू लागला. "काका, हयात ग्राहकांना बायकोच्या नावाचं कार्ड फुकट!"

मी भिंतीवरच्या हिच्या फोटोकडे बोट दाखवलं. हार ताजा होता.

त्याने टाय खांद्यावरून काढून सरळ केला.

"म्हणजे आता हयात तुम्ही एकटेच, काका."

या खेपेला त्याचा शब्द बरोबर होता.