यंदा, आतापर्यंत

बाई गाणं ऐकायला बसल्या की आधी चष्मा काढून ठेवायच्या आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायच्या. गाणारा शब्दामागून शब्द फेकत चालला की बोट तसंच हवेत. त्यानं श्वास घेतला की बोट खाली. मग गाणं थांबवून समोरच्याला विचारायच्या, "श्वास कुठं घेतला, सांगा." सांगता आलं नाही तर गाणं पुन्हा पहिल्यापासून.

हे गाणं म्हणजे भावगीत असेल असं तुम्हाला वाटेल. ते रॅप असायचं. पन्नाशी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या, पदराला पिन लावल्याशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या या बाईंना रॅपचं वेड होतं. दरवर्षी जूनमध्ये, वर्ष निम्मं सरत आलं की आमच्या रेडिओवर त्या एक कार्यक्रम करायच्या. नाव 'यंदा, आतापर्यंत'. त्या वर्षात तोवर आलेल्या रॅपच्या अल्बमांपैकी त्यांना आवडलेले, खालून वर, पहिल्या नंबरापर्यंत.

रेडिओ म्हणजे फार मोठं काही नव्हे. लातूर आणि नांदेडच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या मागं दोन खोल्यांचं केंद्र. आवाज जवळपासच्या गावांपर्यंत पोचायचा, पुढं खरखर. मी तिथं ध्वनिमुद्रण बघायचो. बाई निवेदन करायच्या.

त्याआधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. वडील तहसीलमध्ये शिपाई. घराण्यातली ती पहिली सरकारी नोकरी. तिथल्या टायपिस्टला बघून त्यांनी ठरवलं की पोरीला हे शिकवायचं. पोरगी शिकली आणि पुढं तिनं निम्म्या गावाला शिकवलं. मग संगणक आले, क्लास बंद पडला, मशीन भंगारात गेली. बाई म्हणायच्या की सवय जायला तयार नव्हती. सगळी मशीन एकदम चालू असताना कोण अडखळलं ते त्यांना पाठमोरं उभं राहूनही कळायचं, आणि आता ऐकायला काही उरलं नव्हतं. एकदा कॉलेजातल्या कुणीतरी दिलेलं रॅपचं मेमरी कार्ड मी केंद्रात लावून बघत होतो. बाई दारातच थांबल्या. "हे तर माझ्या क्लाससारखं वाजतंय," एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवसापासून त्यांचा कान पुन्हा कामाला लागला.

शिव्यांची अडचण होती. रेडिओवर शिवी चालत नाही आणि बाईंना गाणं कापलेलं चालत नव्हतं. त्यांनी घरून स्टीलचा पेला आणि चमचा आणला. शिवी आली की पेल्यावर चमचा. एका अल्बमला इतकी टणटण झाली की एका आजोबांनी फोन करून विचारलं, कुल्फीवाला आत शिरलाय का. बाईंचे शेरेही तसेच. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गायकाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "हा चिडलाय, पण कशावर ते त्याला अजून ठरवायचंय. पाचवा नंबर."

त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, बाईसुद्धा. सरांना रॅप सहन व्हायचं नाही. घरात लागलं की ते खुर्ची उचलून अंगणात जायचे.

आता त्या वर्षाकडं येतो.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. तिथं पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. आमच्याकडं टँकर यायचा तो त्याच्या मनानं. गल्लीगल्लीत घागरी रांगेत ठेवलेल्या, आणि घागर कुणी पुढं सरकवली यावरून डोकी फुटायची. त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याची मागणी पेटली. आमच्या तालुक्याला जिल्ह्याचा दर्जा द्या, ही मागणी जुनीच. कोर्टाची तारीख असो की दाखल्यावरची एक सही, माणूस लातूरला जायचा आणि त्याचा दिवस बुडायचा. या मागणीचं प्रत्येक निवेदन बाईंनी टाईप केलेलं होतं, आधी मशीनवर, मग संगणकावर. त्यामुळं त्या या मागणीच्या बाहेरच्या नव्हत्या. सर तर या मागणीसाठीच्या समितीचे उपाध्यक्ष. चौकात मंडप पडला आणि सर आमरण उपोषणाला बसले.

त्याच आठवड्यात एक मुलगी केंद्रात आली. लोह्याकडच्या एका खेड्यातली, शेतकरी घरातली, आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिनं ओढणीच्या गाठीतून मेमरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी विचारलं, कुठं रेकॉर्ड केलं?

"आमच्या हिरीत," ती म्हणाली. "कोरडी हाय. खाली उतरलं की आवाज लई भारी घुमतो. कुणी वरडत बी न्हाई."

अल्बमचं नाव 'तळ'. बाईंनी चष्मा काढला, बोट वर केलं. विहिरीच्या भिंतींवरून तिचाच आवाज परत येत होता आणि ती त्या परतीच्या आवाजाच्या मधल्या जागेत पुढचा शब्द बसवत होती. बोट बराच वेळ खाली आलंच नाही. मग ते गाणं आलं.

मंडपापुढं सडा पडतो सकाळ-संध्याकाळ,
घागरीपायी बस बुडाली, कॉलेज बुडालं, साल.
जिल्हा करा, जिल्हा करा, पाटीला घाला हार,
पाटीखाली घागर ठेवते, येईल का एक धार?

मी बाईंकडं बघितलं नाही. मंडपापुढं धूळ बसावी म्हणून दोन वेळा टँकरनं सडा मारला जायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यात काही वावगं आहे असं आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. मंडपात सर झोपलेले होते.

बाईंनी अल्बम पूर्ण ऐकला. मुलीला पाणी दिलं. म्हणाल्या, "पहिला नंबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाची जाहिरात वाजली आणि तिच्यात त्या गाण्याच्या दोन ओळी गेल्या. तासाभरात फोन सुरू झाले. केंद्रप्रमुख घाबरून आले. परवाना जाईल, निदान हा अल्बम तरी वगळा, पुढच्या महिन्यात घ्या, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. बाई म्हणाल्या की कार्यक्रम 'आतापर्यंत'चा आहे, पुढच्या महिन्याचा नाही. मग मला म्हणाल्या, चला माझ्यासोबत.

आम्ही मंडपात गेलो. सर गादीवर पडून होते, ओठ पांढरे, बोलताना थांबत थांबत. बाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. भोवतीची माणसं जरा मागं सरली. बाईंनी हेडफोन सरांच्या कानांना लावला आणि गाणं सुरू केलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर हेडफोन स्वतःच काढला.

"ही पोरगी आपल्या विरोधात हाय," सर म्हणाले.

"विरोधात न्हाई. ती घागर घेऊन उभी हाय."

"आज नको लावू. माझं उपोषण सुटू दे."

"तुमचं सुटंल, सर," बाई म्हणाल्या. "तिचं सुटायचं कधी?"

सरांनी कूस बदलली, पाठ आमच्याकडं केली. उठताना त्यांनी सरांच्या पायांवरची चादर सारखी केली.

संध्याकाळी ती मुलगी कॉलेजातून केंद्रातच येऊन थांबली होती. लोह्याच्या रस्त्यावर रास्ता रोको, बस बंद, तिला गावाकडं जाता येईना. कार्यक्रम सुरू झाला. पाचवा, चौथा, तिसरा नंबर झाला. दुसऱ्या नंबराच्या वेळी बाहेर मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला, मग घोषणा. केंद्रप्रमुखांनी व्हरांड्याचं लोखंडी जाळीचं दार ओढून कुलूप घातलं. पोरं जाळी हलवू लागली. आत काचेमागं आम्हाला ती धडधड छातीत जाणवत होती. मुलगी भिंतीला पाठ लावून खाली बसली. हात तिनं गुडघ्यांमध्ये धरून ठेवले.

वीज गेली. कुणीतरी बाहेरून फ्यूज काढला असावा. इन्व्हर्टरवर यंत्र चालू राहिलं. मी हातानं खूण केली, थांबायचं का? बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि माईक जवळ ओढला.

"नव्या जिल्ह्याचं प्रत्येक निवेदन मी टाईप केलंय," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "जिल्हा मला बी पाहिजे. तरीही यंदा, आतापर्यंत, पहिला नंबर या अल्बमचा. गाणारीचं नाव मी सांगणार नाही. गाणं ऐका."

मी बटण दाबलं. दुसऱ्या ओळीला एक दगड खिडकीची काच फोडून आत आला आणि टेबलावरून घरंगळत बाईंच्या पायाशी थांबला. काचेचा तुकडा त्यांच्या मनगटाला लागला. पदर दाबून धरत त्या तशाच बसल्या. गाणं पूर्ण वाजलं. मग त्या उठल्या, स्टुडिओचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि जाळीपाशी गेल्या. मी मागं होतो.

पोरांच्या पुढं समितीच्या युवक शाखेचा एकजण होता. बाईंच्या मनगटावरचं रक्त बघून तो जरा गडबडला, पण मागं माणसं होती. पोरगी कोण, तिचं नाव सांगा, ती आत हाय का, असं तो विचारत राहिला.

"नाव पाहिजे ना?" बाई म्हणाल्या. "माझं घ्या. निवड माझी हाय."

"बाई, सरांचा तरी विचार करायचा होता. तिकडं जीव पणाला लावून राहिलेत ते."

"सरांना दुपारीच ऐकवलंय. तुम्ही ऐकलं का? पूर्ण?"

त्यानं मागं वळून बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, तोडा कुलूप. जाळीला पुन्हा हात लागले. बाई मागं हटल्या नाहीत आणि मला खरंच वाटलं की आता दार जाणार. केंद्रप्रमुख फोनवर पोलिसांना विनवत होते. पोलीस सगळे रास्ता रोकोला गेलेले.

तेवढ्यात मंडपातला एक म्हातारा कार्यकर्ता सायकलवर आला. त्यानं पोरांना सरांचा निरोप सांगितला. सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता परत यायचं. केंद्राला हात लावला तर सर इथल्या इथं लिंबूसरबत पिऊन उपोषण सोडतील.

पोरं एकमेकांकडं बघू लागली. उपोषण असं सुटलं तर काही उरत नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. एकेक मोटारसायकल सुरू झाली. म्हातारा सायकल वळवू लागला तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं.

"मला काही निरोप?"

"न्हाई, बाई," तो म्हणाला. "तुमच्यासाठी काही न्हाई सांगितलं."

त्या रात्री मुलगी बाईंच्याच घरी राहिली. सकाळी मी तिला मोटारसायकलवरून तिच्या गावाकडं सोडायला निघालो. चौकातून जाताना बघितलं तर मंडपापुढचा रस्ता कोरडा. सडा पडलेला नव्हता. सरांनी पहाटे टँकर लोह्याकडच्या खेड्यांना पाठवून दिला होता, म्हणजे तिच्याच गावाच्या दिशेला, आणि समितीतली माणसं त्यावरून आपसात भांडत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागं धूळ उठून मंडपात शिरत होती. सर खोकत होते. बाई त्यांच्या उशाशी बसून पदरानं त्यांचा चष्मा पुसत होत्या, डोळ्यांवर ठेवत होत्या, थोड्या वेळानं पुन्हा काढून पुसत होत्या. दोघं बोलत नव्हते. मुलगी मागं बसून हे बघत होती. म्हणाली, "चला लवकर."

पुढं लेखी आश्वासन मिळालं आणि उपोषण सुटलं. जिल्हा काही झाला नाही. केंद्रानं बाईंना विश्रांती घ्यायला सांगितलं आणि 'यंदा, आतापर्यंत' बंद झालं. 'तळ' मात्र थांबलं नाही. ते फोनवरून फोनवर गेलं, टँकरवाल्यांकडं गेलं, औशापासून कंधारपर्यंत पोरांच्या तोंडी बसलं. त्या मुलीचं ते वर्ष बुडालंच, पण पुढं ती शिकली. आता लातूरला एका दवाखान्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी गाते.

सर आणि बाई पुन्हा बोलू लागले, पण केव्हा, ते मला ठाऊक नाही. मी विचारावं असं ते घर नव्हतं.

काही वर्षांनी ते दोघं नांदेडला लेकीकडं कायमचे राहायला निघाले. मी बसस्टँडवर गेलो होतो. पेटी वर चढवली, बाईंना खिडकीची जागा मिळाली. जून महिना होता, आभाळ भरलेलं आणि उकाडा. बाईंनी मला तब्येत सांभाळ म्हणून सांगितलं, मी हो म्हणालो. ड्रायव्हर येऊन बसला. सर मांडीवर पिशवी घेऊन समोर बघत होते. एकदम बाईंकडं वळून म्हणाले, "मग? यंदा कोणतं बरं हाय?"

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. इतक्या वर्षांत सरांनी हे कधी विचारलं नव्हतं. बस सुरू झाली, सगळ्या खिडक्या खडखडू लागल्या. बाई काहीतरी सांगत होत्या, हात हलवून, भरभर. सर कानामागं तळवा धरून त्यांच्याकडं झुकले होते. नाव मला ऐकू आलं नाही. बस नांदेडच्या रस्त्याला लागली, तरी त्या सांगतच होत्या.