नरम चाकं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अब्बांना नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. पण गेल्या रविवारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

जव्हारच्या मुलांना मी स्केटिंग शिकवते. बर्फावरचं नव्हे, चाकांचं — गाण्यावर गिरक्या, उड्या. पूर्वी मीही स्पर्धांना जायचे. अब्बा गिऱ्हाइकांची शिवण बाजूला सारून माझा झगा शिवायचे. पण एक उडी मला कधीच जमली नाही. हवेत दोन गिरक्या घेऊन एका पायावर उतरायचं — दर वेळी आपटायचे.

साखरशेतची सुगंधा माझी पहिली विद्यार्थिनी. एका सकाळी तिनं तीच उडी सहज मारली आणि माझ्याकडे बघून हसली. मी टाळ्या वाजवल्या. आणि — आता लिहूनच टाकते — माझा जळफळाट झाला.

आमचं मैदान खरबरीत सिमेंटचं, त्यावर कडक चाकं चालतात. स्पर्धेच्या हॉलची फरशी गुळगुळीत. तिथं नरम चाकं लावावी लागतात, नाहीतर पाय सटकतो. सुगंधाला काय माहीत? तिनं असा हॉल पहिल्यांदाच पाहिला होता. तिच्या पहिल्या स्पर्धेच्या दिवशी नरम चाकं माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या मांडीवर. स्पर्धेआधीच्या सरावात ती घसरली, तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणाले? भिऊ नको, म्हणाले.

विसरले असं म्हणू? नाही हो. विसरले नव्हते.

स्पर्धेत त्याच उडीतून उतरताना ती पडली. मनगट मोडलं. परतताना एसटीत, हात गळ्यात बांधलेला, तीच मला म्हणाली, "बाई, मी भ्याले ना, तेच्यानं पडले. तुमचं नाव घालवलं." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं पुन्हा स्केट घातले नाहीत.

तिथं तरी थांबले का? दर बॅचला मी ही गोष्ट सांगत आले — एक मुलगी भ्याली म्हणून पडली, तुम्ही भिऊ नका.

यंदा सुगंधानं तिची लेक आणून सोडली, रोशनी. "बाईंनी माझ्यासाठी लय केलं," असं माझ्यासमोरच तिला सांगितलं. आणि रविवारी मी सवयीनं तीच गोष्ट सांगून बसले. बाकीची मुलं पांगल्यावर रोशनी जवळ आली.

"बाई, ती भित्री मुलगी म्हणजे माझी आई ना?"

चाकांचं सांगता आलं असतं. निदान नाही तरी म्हणता आलं असतं. मी 'हो' म्हटलं, आणि खाली बसून तिच्या नाड्या घट्ट बांधल्या.