आपलाच ओटा फोडणारा सुखदेव

नागपूरच्या दवाखान्यातून सुखदेवच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला, तेव्हा मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारगल्लीत दुकानाचं शटर उचलत होतो. त्या रडल्या नाहीत. ‘मारून टाकलं त्यायनं, भाऊजी,’ एवढंच बोलल्या... महिना झाला, अजून माझा संताप शमत नाही.

सुखदेवचं हार्डवेअरचं दुकान, माझं समोर किराण्याचं. गल्लीत प्रत्येकाने ओटा पुढे ओढलेला, वर टिनांची छपरं. बाजाराच्या दिवशी मोटरसायकलही शिरायची नाही. गिऱ्हाईक वैतागून सरळ गोंदियाची एसटी धरायचं. एका दुपारी टोकाचं कापडाचं दुकान पेटलं, आणि आगीचा बंब मध्येच अडकला. कापडवाल्याने जळत्या माडीवरून उडी टाकली, दोन्ही पाय मोडले. त्याचं ते ओरडणं आजही कानात आहे. दुसऱ्या सकाळी सुखदेव सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन स्वतःचाच ओटा फोडत होता, हाताची सालटी निघाली तरी थांबेना. ‘काऊन रे, डोकं फिरलं काय?’ मी धावलो. मान वर न करता म्हणाला, ‘बंब माह्याच ओट्याले अडकला होता. पहिला घाव माह्यावर.’

मग तो दारोदार सांगत फिरला. लोकांनी आईबहिणीवरून शिव्या घातल्या, कॉलर फाडली, दुकानाची काच फोडली. हा पठ्ठ्या काचेच्या जागी गोणपाटाचा बोरा लटकवून पुन्हा दुकानात हजर! हळूहळू ओटे फुटले, मालाच्या गाड्या दारापर्यंत येऊ लागल्या, खेड्यांतलं गिऱ्हाईक परतलं. शिव्या देणाऱ्यांनीच मग नवी दुकानं थाटली.

फक्त नाक्यावरच्या एका दुकानदाराने दिवाळीच्या तोंडावर पुन्हा रस्त्यात खांब रोवून टिना चढवल्या. सांगून ऐकेना, तेव्हा सुखदेवने खांबाला सब्बल लावली. तो दुकानदार आणि त्याची दोन माणसं, असे तिघं लोखंडी सळ्या घेऊन सुखदेववर तुटून पडले. मी पोचलो तोवर रक्त नालीत उतरलं होतं... अँब्युलन्स मात्र नाक्याला वळसा घालून गल्लीच्या मागच्या तोंडाने शिरली आणि कुठेही न अडता थेट त्याच्यापाशी आली. लगेच नागपूरला नेलं, पण कवटी फुटली होती, त्याला कोण काय करणार.

तिघं तुरुंगात गेले, पण खांब तसाच उभा. तेरवीनंतरच्या पहिल्याच बाजाराला वहिनी सब्बल घेऊन भर गल्लीतून खांबाकडे निघाल्या. मी आडवा आलो, माझ्याकडे द्या म्हणालो.

‘पहिला घाव माहा, भाऊजी. दुसरा तुमचा.’

दुसरा मी घातला. मग सब्बल हातोहात फिरली आणि खांब पडला. आता वहिनी दुकान चालवतात. दारात नव्या सब्बली विकायला मांडलेल्या असतात. गल्ल्यामागची ती जुनी कोणी मागितली, तर ती विकायची नाही म्हणून सांगतात.