डाळीला ऊन

लातूरला बदलीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पोटाची जबाबदारी सरकारनं आपल्या एकट्यावर टाकलेली आहे, अशी आमच्या समोरच्या काकांची पक्की समजूत होती. काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. अंगानं काटकुळे, पण आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. कॉलनीत सामानाचा टेम्पो लागला, की तो रिकामा व्हायच्या आत काका दारात हजर. नाव-गाव नंतर, पहिला प्रश्न, "डाळ कुठली खाता?" मी नांदेडहून आले तेव्हा खोकी उचलून इतकी वैतागले होते, की म्हणून गेले, "पिवळी." काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विनातिकीट सापडले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पिशव्या घेऊन खाली उभं राहायचा हुकूम निघाला. बँकेत मी चार माणसांना कामाला लावते, पण सातला पाच कमी असताना मी खाली उभी होते.

त्यांच्याबरोबर बाजार करणं म्हणजे वरात आणि परीक्षा एकदमच. काका पुढे, नवीन बिऱ्हाड मागे, आणि गर्दी दिसली की सवयीनं "चला, पुढं सरका" अशी आरोळी. लोक खरंच सरकायचे. तुरीची डाळ ते डाव्या दाढेखाली धरून, डोळे मिटून फोडायचे, आणि तोवर दुकानदार निकालाची वाट बघत उभा. चकचकीत डाळ दिसली की म्हणायचे, "हिला तेल-पाणी लावून बोहल्यावर बशिवलीय." फ्लॉवरमध्ये अळी सापडली तर सोनं सापडल्यासारखा आनंद. "बघा ताई, हिनं आपल्या आधी खाल्लंय, अन् जित्ती हाय." एकदा सेंद्रिय मालाच्या एका एसी दुकानात त्यांनी तिथल्या सभ्य माणसाला विचारलं, की हा माल कुणाच्या रानातला, आणि त्याच्या बांधाशेजारी कोण आहे, तो फवारतो का? त्या बिचाऱ्यानं पाकिटावरचा शिक्का दाखवला. काकांनी पाकीट उलटसुलट करून परत दिलं. "शेजाऱ्याचं ह्याच्यावर काहीच लिवलं न्हाई." मी तर शरमेनं पाकिटांच्या मागे लपले होते. पण खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

त्यांना मात्र बांध न् बांध माहीत. सगळी नोकरी औशाच्या गाडीवर गेलेली, त्यामुळे पाटी घेऊन चढणारी प्रत्येक बाई कुठल्या शिवारातली आणि काय पिकवते, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यातल्याच एका मावशींना त्यांनी आमच्या कॉलनीची वाट दाखवली होती. औशाजवळच्या खेड्यातल्या या मावशी दर रविवारी पोतं घेऊन यायच्या आणि गेटपाशी बसायच्या. तुरीला फवारा नाही, डाळ घरच्या जात्यावर भरडलेली. मी वर्षाची डाळ घेतली तेव्हा काकांनी मला दोनदा बजावलं, "हिला दोन उन्हं दाखवा, एरंडेलाचा हात फिरवा, मगच डब्यात भरा." मी मान डोलावली. आणि पोतं जसंच्या तसं सिंकखाली सारून दिलं. ऑडिट चालू होतं, म्हटलं रविवारी बघू.

असे कितीतरी रविवार गेले, पाऊसही येऊन गेला, आणि एक दिवस पोतं उघडलं तर आत किड्यांचं गाव वसलेलं. माझं डोकंच फिरलं. फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सेंद्रियच्या नावाखाली किडकी डाळ. सावध राहा.' वेळेवर सांगितल्याबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, बरं वाटलं.

त्या रविवारी मावशींकडे कुणी फिरकलं नाही. दुपारपर्यंत बसून त्यांनी पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं. मी हे पडद्याआडून बघितलं. संध्याकाळी काका आले, पोत्यात हात घालून मूठभर डाळ काढली, हुंगली. मग हळूच विचारलं, "ऊन दाखिवलं व्हतं का?"

"हो तर. चांगलं दोन दिवस," मी म्हणाले.

काकांनी मूठ परत पोत्यात सोडली. "मग माझंच सांगायचं चुकलं असंल," म्हणाले, आणि गेले. त्यांच्याकडे साधा फोन, म्हणून ते दारोदार फिरले. डाळ चांगली होती, ती कशी साठवायची हे आपणच नीट सांगितलं नाही, असं प्रत्येकाला सांगत राहिले. लोक तोंडावर हो म्हणाले आणि मागे म्हणाले, म्हाताऱ्याचं काहीतरी कमिशन असेल. मी तेही ऐकलं आणि गिळलं. मावशी पुन्हा आल्या नाहीत. पुढे टेम्पो लागत राहिले, काका खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे.

शेवटी वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं, तेव्हा मी त्यांना बोलवायला गेले. काका म्हणाले, "मी न्हाई येत. माझ्या शब्दाला आता कोण इचारतंय?" मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "डाळीला एरंडेलाचा वास नव्हता, ताई. मला तवाच कळलं. तुमी कवा सांगता, त्याची वाट बघत व्हतो." मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, "मला कशाला? तिला सांगा."

त्याच दिवशी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं आणि बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं औशाला गेलो. बसमध्ये मी बोलायची वाक्यं पाठ करत होते. मावशी पोत्याशी बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मला ओळखलं आणि ओशाळून हसल्या.

"तुमच्या डाळीला किडं लागल्याचं गेटवर कळलं, लई वाईट वाटलं बघा. म्हून यंदा दुकानातनं किडं मारायची पावडर आणून लावलीय. आता बिनघोर न्या."

माझी पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. कसंबसं सांगितलं, की मी ऊन दाखवलं नव्हतं, तेल लावलं नव्हतं, आणि वर काकांशी खोटंही बोलले. मावशींचा हात डाळीतच थांबला.

"मंजी डाळ चांगली व्हती?"

"हो मावशी."

"मग पावडर उगंच लावली की वं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. काका त्यांच्या शेजारी खाली बसले आणि यंदाची तूर कशी आहे, ते विचारायला लागले.