सोलांजची व्याख्या

सोलांज बेरूबे कारखान्यात आली तेव्हा तिला मशीनची सुईसुद्धा धड ओवता येत नव्हती. हे मी ऐकीव सांगत नाही. मॉन्ट्रियलच्या ऑशलागा वस्तीतल्या त्या थंडीच्या कोटांच्या कारखान्यात मी बटणांच्या टेबलावर होते आणि तिला आमच्यासमोरच कॉलरच्या रांगेत बसवलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने सुई बोटात घालून घेतली. रडली नाही, पण सगळी खोली आपल्याकडेच बघतेय असा चेहरा करून बसली.

तिच्या शेजारच्या मशीनवर ह्युगेत लाकास होती. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ. तिने मशीनच्या डोक्यावर संत अ‍ॅनची बोटाएवढी मूर्ती चिकटवली होती आणि फोरमनने दोनदा काढायला सांगूनही काढली नव्हती. ह्युगेतने अस्तराची चिंधी फाडून सोलांजच्या बोटाला बांधली आणि म्हणाली, "पोरी, कोट शिवायचाय. स्वतःला नाही."

तिथून त्या दोघींचं जुळलं. कापडाला ताण कसा द्यायचा, फोरमन पाठीशी उभा असला की हात कसा चालवायचा, हे सगळं ह्युगेतने तिला शिकवलं. वडील काय करतात असं आम्ही विचारलं, तर सोलांज म्हणाली, रिमुस्कीला लाकडाच्या गिरणीत होते. खरं म्हणजे तिचे वडील रिमुस्कीतले नोटरी, घरा-जमिनीचे कागद करून देणारे वकील होते. नदीकाठी मोठं घर, घरात पियानो, उन्हाळ्यात कामाला येणारी बाई. ती युनिव्हर्सिटी अर्ध्यावर सोडून आमच्यात आली होती, आणि पोटासाठी आली नव्हती. तिला तिच्या गटाने पाठवलं होतं.

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत मॉन्ट्रियलमध्ये डाव्यांचे गट पुष्कळ होते. प्रत्येक गटाचं आपलं वर्तमानपत्र, आणि खरे डावे आपणच, समोरचे नुसते नावाचे, असा प्रत्येकाचा दावा. सोलांजच्या गटात रेमी नावाचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी प्रमुख होता. डावं म्हणजे काय, हे ठरवण्यात त्यांचे आठवडेच्या आठवडे जात. निवडणुकीत मत देणारा डावा का? युनियनवाला डावा का? कॅनडापासून वेगळ्या क्वेबेकचं स्वप्न बघणारा डावा, की नुसता देशभक्त? एकेका शब्दावर माणसं गट सोडून जात. सोलांजने मला पुढे सांगितलं, की तिला तेव्हा ते सगळं फार पवित्र वाटायचं. बापाच्या घरात जेवताना कुणी कशावर विश्वास ठेवायचंच नाही, आणि इथे लोक एका वाक्यासाठी जागत होते. शेवटी गटाने ठरवलं, की कामगारांसारखं जगल्याशिवाय डावं म्हणवून घ्यायचा हक्क नाही. म्हणून कुणी बंदरात गेलं, कुणी हॉस्पिटलच्या धुलाईत, आणि सोलांज आमच्याकडे.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर ह्युगेत तिला घरी जेवायला बोलवी. वाटाण्याचं सूप, मांसाची पाई, वर साय-साखरेच्या वड्या. ह्युगेतचा नवरा आर्मां स्वयंपाकघरातच खुर्चीत बसलेला असे. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात आयुष्य काढून धुळीने त्याची छाती गेली होती. दोन वाक्यांमध्ये तो थांबून श्वास गोळा करी. पण ऐकायला त्याला आवडे, आणि सोलांज त्यांना तिचं वर्तमानपत्र वाचून दाखवी.

एकदा ह्युगेतने विचारलं, "तुम्ही डावे डावे म्हणता, ते म्हणजे नक्की काय गं?"

सोलांजने उत्पादनाची साधनं कुणाच्या हातात असावीत वगैरे सगळं सांगितलं. ह्युगेतने मान डोलावली आणि सूप ढवळत राहिली.

आर्मां म्हणाला, "आमच्या वेळी सोपं होतं. फोरमन ज्याचं नाव पहिल्यांदा टिपून घेई, तो डावा."

"तुमचं नाव घेतलं होतं का?" सोलांजने विचारलं.

"माझं कधीच नाही," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

अशाच एका रविवारी, आर्मां आत झोपलेला असताना, ह्युगेतने तिला एक गोष्ट सांगितली. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात मोठा संप झाला होता. आम्ही सगळ्या भर फेब्रुवारीत दारासमोर उभ्या होतो, पायांना वर्तमानपत्रं गुंडाळून. त्याच हिवाळ्यात आर्मांचं काम सुटलं, पोरं लहान, घरात दुसरी मिळकत नाही. ह्युगेत आजारी आहे असं आम्हाला कळवून मागच्या कोळशाच्या दाराने आत जाई आणि तळघरात बसून शिवण करी. संप मिटेपर्यंत ती तसं करत होती. ते कुणाला कळलं नाही. सांगताना ती भांडी पुसत होती आणि एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती, असं सोलांज म्हणाली.

गटाची बैठक शुक्रवारी असे. कारखान्यात गेलेल्या प्रत्येकाने तिथल्या माणसांबद्दल बोलायचं, अशी पद्धत होती. पुढारलेले कोण, मधले कोण, मागासलेले कोण. सोलांजला हे चांगलं जमे. तिला बारीकसारीक लक्षात राही आणि सांगायची हातोटी होती. ह्युगेतबद्दल ती नेहमी बोलायची, कारण तिच्याबद्दल बोलताना बैठक शांत होऊन ऐके. संपाची गोष्टही तिने सांगितली. तिचं म्हणणं असं, की आपण ह्युगेतची बाजू मांडायलाच ती सांगितली: परिस्थिती माणसाला कशी वाकवते ते दाखवायला. पण खोलीतली शांतता तिला आवडली होती, हेही तिने माझ्यापासून लपवलं नाही.

वसंतात गटाने जाहीर सभा ठेवली. रविवारची दुपार, शाळेचा हॉल. विषय होता 'आपण कोण'. सोलांज महिनाभर ह्युगेतच्या मागे लागली होती, की एकदा या, बघा तरी. ह्युगेत तयार झाली. ईस्टरचा निळा कोट घालून आली आणि डब्यात साय-साखरेच्या वड्या घेऊन आली, कारण रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जात नाहीत आणि सभा म्हणजे तिला तसंच काहीतरी वाटलं. मागून तिसऱ्या रांगेत बसली. आमच्याकडचा कापड कापणारा मार्सेलही आला होता, दाराशी उभा होता.

रेमी बोलायला उठला. डावं असणं म्हणजे मत बाळगणं नव्हे, आपला वर्ग सोडणं, असं तो म्हणाला, आणि उदाहरण म्हणून त्याने सोलांजचंच कौतुक केलं. एका नोटरीची मुलगी सगळं सोडून शिवणाच्या मशीनवर बसली, असं. सोलांज त्याच्याच शेजारी खुर्चीवर होती. तिने ह्युगेतकडे पाहिलं. ह्युगेत अजून हसतच होती, बहुधा कुणाबद्दल चाललंय ते तिला पटकन उमजलं नव्हतं. मग रेमी पुढे म्हणाला, की हे काम अवघड का आहे ते ऐका. कॉलर शिवणारी एक बाई, नवरा धान्याच्या धुळीने घरी बसलेला, मशीनवर संताची मूर्ती, आणि तीच बाई संपात मागच्या दाराने आत जाऊन शिवत होती. अशा माणसांना टाकून द्यायचं नाही, घडवायचं, असं तो म्हणाला. नाव त्याने घेतलं नाही. गरजच नव्हती.

ह्युगेत लगेच उठली नाही. भाषण संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर उठली, डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि दाराकडे चालू लागली.

त्याच वेळी समोरच्या रांगेतल्या कुणीतरी सोलांजला विचारलं, की तुम्ही स्वतः तिथे राहिलात, तर डावं म्हणजे काय हे तुमच्या शब्दांत सांगा.

तिने उठून ह्युगेतच्या मागे जायला हवं होतं. ती उठली, पण बोलायला. म्हणाली, डावा म्हणजे कामगारांसाठी बोलणारा नव्हे, डावा म्हणजे त्यांच्या शेजारी बसणारा, त्यांचं ऐकणारा. वाक्य छान झालं. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या चालू असतानाच हॉलचं दार मिटलं. वड्या सभेनंतर लोकांनी खाल्ल्या. कुणी आणल्या म्हणून विचारलं, तेव्हा सोलांज खुर्च्या आवरायला लागली.

सोमवारी दुपारपर्यंत मार्सेलकडून सगळं आमच्या टेबलापर्यंत पोचलं होतं. संपाच्या त्या फेब्रुवारीत आमच्या टेबलावरच्या कार्मेलाचं पायाचं बोट गारठून काळं पडलं होतं. ती ह्युगेतच्या मशीनपाशी गेली, तिच्या हातांकडे बघत उभी राहिली आणि परत आली. जेवणाच्या सुट्टीत ह्युगेतच्या बाकावर कुणी बसलं नाही. ह्युगेतने आपलं सँडविच खाल्लं, कागदाची घडी घातली आणि घंटेच्या आधीच मशीनवर जाऊन बसली.

सोलांजने तिला हाक मारली. ह्युगेतने मान वर केली आणि म्हणाली, "तुमचा दोरा संपत आलाय, बघा."

तुमचा. आदल्या शुक्रवारपर्यंत 'अगं पोरी' होतं.

दोन दिवसांनी जेवणाच्या खोलीत सोलांज उभी राहिली आणि तिने आम्हाला सगळं सांगितलं: बाप नोटरी आहे, गिरणीतला नाही, आणि ह्युगेतची गोष्ट बाहेर आपणच नेली. तिला वाटलं होतं, आम्ही तिला फाडून खाऊ. खोलीत हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, म्हणजे आमच्या घराचे कागद तुझे वडील फुकटात करून देतील का? कार्मेला मात्र हसली नाही. म्हणाली, "आम्हाला इथे बघायला ठेवलंय का?" आणि ताट उचलून दुसरीकडे गेली. पण ह्युगेतबद्दलचा राग त्याने कमी झाला नाही. राग वाटून घेता येत नाही, ते सोलांजला तेव्हा कळलं.

गटाला तिने आपली लाज सांगितली, तर रेमी म्हणाला, लाज ही वरच्या वर्गाची चैन आहे, काम बघ. त्यानंतर ती बैठकांना गेली नाही.

ह्युगेतने महिन्याभरात काम सोडलं आणि दूर एका गाद्यांच्या कारखान्यात लागली. सोलांज तिच्या घरी गेली. बाहेरचा लोखंडी जिना चढून दार वाजवलं. दार आर्मांने उघडलं आणि तिला आत घेतलं. ह्युगेत ओट्यापाशी होती. बसा म्हणाली नाही. सोलांजने उभ्यानेच माफी मागितली. बोलायचं ठरवून आली होती त्यातलं अर्धंच तोंडातून आलं.

ह्युगेतने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही खोटं सांगितलं असतंत तर मी भांडले असते. खरंच सांगितलंत, त्यामुळे मला भांडताही येत नाही."

ती पुन्हा ओट्याकडे वळली.

"ते मी तुम्हाला इथे सांगितलं होतं. या ओट्यापाशी. त्या हॉलमध्ये नाही."

आर्मांने चहा टाक म्हणून खूण केली. ह्युगेत म्हणाली, त्यांना उशीर होत असेल. सोलांज जिना उतरून आली. रस्त्यात तिला कुणी ओळखीचं भेटलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे, असं ती म्हणायची.

पुढे तो गट एका दुपारी मतदान करून बरखास्त झाला. रेमी कॉलेजात शिकवायला लागला, आता निवृत्त आहे. सोलांज रिमुस्कीला परत गेली नाही. कारखाना बंद पडेपर्यंत ती आमच्यातच राहिली आणि कॉलर खरंच चांगली शिवायला लागली. युनियनच्या कामाला यायची, संपाच्या रांगेत उभी राहायची, कॉफी करायची. बोलायला पुढे मात्र कधी झाली नाही. कार्मेलाशी तिचं हळूहळू बरं झालं.

आता ती आणि मी वस्तीतल्या सामुदायिक स्वयंपाकघरात मंगळवारी भाज्या चिरतो. मागच्या वर्षी नव्या पक्षाची तरुण मंडळी आली होती. पुस्तिका काढणार होती, म्हणून प्रत्येकाला विचारत होती, तुमच्या मते डावं असणं म्हणजे काय. कुणी म्हणालं, सगळ्यांना घर. कुणी म्हणालं, शेजारी उपाशी नसणं. मी काहीतरी म्हटलं. त्यांच्यातली एक मुलगी सोलांजकडे वळली, तर सोलांज मानेपर्यंत लाल झाली होती. म्हणाली, मला नका विचारू, मला नीट सांगता येत नाही. मुलीला वाटलं ही लाजाळू आहे. तिने प्रेमाने पुन्हा विचारलं. सोलांज गाजरं धुवायला आत निघून गेली.

आर्मां वारल्यावर ह्युगेत दूर उत्तरेला, सेत-इल गावी मुलीकडे राहायला गेली. जाण्याआधी मी तिला भेटायला गेले होते. आम्ही कॉफी घेतली, जुन्या फोरमनला नावं ठेवली. परत आल्यावर मी ते सोलांजला सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही," मी म्हटलं. खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं होतं, पण नाही सांगितलं.

तिने मान हलवली आणि पुन्हा कांदे चिरायला घेतले.